तुकडीच्या पुढं सहा तास

पहाटे ४. कसबा बावडा. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय. इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. तात्या आधी बंधाऱ्याचा आकडा विचारतात, मग चहा पितात. आज पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेचा पहिला मुक्काम. दीडशे जण चालणार आहेत. त्यांच्या पुढं जाऊन पाणी आणि झोपायची जागा धरायची, हे तात्यांचं काम. हजेरी ८०० रुपये, जेवण आयोजकांचं, गमबूट स्वतःचे. टेम्पोत ताडपत्र्या, नायलॉनची दोरी, टिकाव, फावडं, तीन पिंपं, तुरटी, पाणी शुद्ध करायचं मेडीक्लोर.

६. पन्हाळा. टेम्पो डांबरी रस्त्यानं फिरून करपेवाडीला येईल. तात्या, एक पोरगा आणि मी म्हाळुंग्याच्या वाटेला लागतो. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून याच बाजूनं निघाले, म्हणून दर जुलैत इथं एवढी माणसं येतात.

८:३०. मसाई पठार. धुकं असं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तात्या दगडावर दगड रचतात, मधे लाल चिंधी अडकवतात. शेवटचा कार्यकर्ता त्या गोळा करत येणार. जागोजागी डबकी भरलीत. पोरगा बाटली बुडवायला वाकतो.

"ते नको रं. म्हशी गेल्यात त्यातनं."

माथा जांभ्याचा. पाऊस त्यात मुरतो, खालच्या काळ्या कातळाला अडतो आणि उतारावर झरा होऊन फुटतो. प्यायचं पाणी तिथं. वाड्याही त्याच्याच आसपास वसलेल्या.

११:३०. करपेवाडी. भात लावणीचे दिवस. धडधाकट माणसं सगळी चिखलात, घरी म्हातारी.

"मावशी, पोरींना सोप्यात टेकू द्याल?"

"टेका की. पण गोठ्याची वाट सोडा, सांजला जनावरं आत येत्यात."

तात्या जळणाचे ३०० रुपये आधी हातात देतात. या दिवसांत सुकं लाकूड सहज मिळत नाही.

१. झऱ्याला पाइप खोचलेला आहे. तात्या मोबाईल बघून पंधरा लिटरची घागर धरतात. एक मिनिट. माणशी चार लिटर म्हणजे ६०० लिटर, चाळीस मिनिटं. शिवाय पिंपांपर्यंतच्या खेपा वेगळ्या. तरी ते आत्ताच भरायचं म्हणतात, कारण पाच ते सात झरा वाडीतल्या बायकांचा. पाणी गढूळ आहे. तुरटी फिरवून तासभर निवळू द्यायचं, वरचं पाणी काढून घ्यायचं, मग मेडीक्लोर, मग अर्धा तास थांबायचं.

३. ओढ्याकाठी सपाट हिरवळ आहे. मला तीच पसंत पडली होती. तात्यांनी गवत दाखवलं. सगळं एकाच दिशेला आडवं झोपलेलं, म्हणजे रात्री त्यावरून पाणी गेलेलं. आम्ही वरच्या मुरमाड माळावर गेलो. प्रत्येक तंबूभोवती वीतभर खोल चर, तोंड उताराकडं. संडासाचे खड्डे झऱ्यापासून लांब आणि खालच्या अंगाला. टिकावाचे घाव दोन तास चालले. दिवसातलं सगळ्यात कष्टाचं काम हेच, आणि चालणाऱ्यांपैकी कुणी ते पाहत नाही.

५:३०. तुकडी येते. चिखलानं माखलेले पाय, पाण्याला रांग. एक तरुण झऱ्यावर मोज्यांना साबण लावायला बसतो. तात्या त्याच्या हातात बादली देतात. "भावा, लांब जाऊन धू. खाली माणसं पित्यात हे पाणी."

८:३०. भात-आमटी. तात्या सगळ्यांत शेवटी जेवतात. उद्या पहाटे चारला पुन्हा पुढं, पांढरपाण्याकडं.

या वाटेनं याल तर संध्याकाळी पाच ते सात झऱ्यावर जाऊ नका, आणि साबण पिशवीतच राहू द्या.