चेहरा झाकला, सूट बोलला

अमळनेर हे प्रताप मिलचं, म्हणजे कापडाचं गाव. इथल्या लग्नसराईत भाड्याचा ब्लेझर चढवलेल्या पोराला विज्ञान काय सांगतं?

१९९० साली जॉन टाउनसेंड आणि गॅरी लेव्ही या अमेरिकी संशोधकांनी तेच पुरुष वेगवेगळ्या वेशांत फोटोत दाखवले: कधी ब्लेझर आणि महागडं घड्याळ, कधी बर्गरच्या दुकानातला गणवेश. लग्नाचा विचार कराल का, असं विचारल्यावर मुलींनी गणवेशातल्या देखण्यापेक्षा ब्लेझरमधला साधा चेहरा पसंत केला. मुलांनी मात्र मुलींचा चेहराच जास्त पाहिला. कपड्यांतून मुलींना ऐपत दिसत होती, असा निष्कर्ष निघाला. अर्थात ते अमेरिकी विद्यार्थी होते, आणि फोटोवर संसार होत नाही.

२०१३च्या एका ब्रिटिश प्रयोगाने तर चेहराच झाकला आणि सूट काही सेकंदच दाखवला. मापाने शिवलेल्या सुटातला माणूस तयार सूटवाल्यापेक्षा यशस्वी आणि आत्मविश्वासू वाटला. रंग तोच, फरक मापाचा.

तेव्हा भाड्याच्या ब्लेझरचे खांदे लोंबत असतील, तर शिंप्याकडून बेतून घेतलेला साधा शर्टच बरा. आणि याच अमळनेरात खादी घालून साने गुरुजी शिकवत होते. त्यांची ऐपत कुणी कपड्यांवरून मोजावी?