नदीच्या वाळूत सोने आहे का?

पावसाळा सरला की आपल्या नद्या निवळतात. सूर्या निवळते, वैतरणा निवळते. पात्रातले वाळूचे पट्टे उघडे पडतात. सकाळच्या उन्हात ती वाळू चमचम करते. मग पाण्यावर आलेला एखादा म्हणतो, "अरे, ह्यात सोनं असंल काय?" दुसरा हसतो. तिसरा मात्र मनातल्या मनात पक्के घर बांधू लागतो.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नदीच्या वाळूत सोने सापडते ही गोष्ट खरी आहे. आपल्या देशात त्यावर पोट भरणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली. पण सगळ्याच नद्यांत ते नसते. आणि ह्या खऱ्या गोष्टीच्या आडून खोटी गोष्ट विकणारेही पुष्कळ असतात. म्हणून ह्या पाठात आपण दोन गोष्टी शिकू. वाळूतून सोने कसे काढतात ही एक. आपल्या नदीत ते आहे की नाही, हे आपले आपणच कसे पाहावे ही दुसरी.

सोने नदीत येते कोठून?

नदी सोने तयार करीत नाही. ती फक्त वाहून आणते. डोंगरात अतिशय जुना खडक असतो. त्यात गारेच्या पांढऱ्या शिरा असतात. काही शिरांत सोन्याचे बारीक कण अडकलेले असतात. ऊन, वारा, पाऊस यांनी खडक झिजतो, फुटतो. त्याची वाळू होते. पुराचे पाणी ती वाळू खाली आणते, आणि तिच्याबरोबर सोन्याचे कणही येतात.

म्हणून पहिला नियम ध्यानात धरा. नदीच्या उगमाकडच्या डोंगरात जे नाही, ते नदीच्या वाळूत येणार नाही. शेतात नाचणी पेरली तर भात कसा उगवेल?

सोने जड असते

सोन्याचा एक मोठा गुण म्हणजे त्याचे वजन. एक पेला पाणी घ्या. तेवढ्याच पेल्यात सोने भरले तर ते पाण्याच्या १९ पटींहून जड भरेल. साधी वाळू पाण्याच्या अडीच पटींहून थोडी जास्त जड असते. म्हणजे सोने वाळूच्या मानाने सातपट जड झाले.

आपल्या आयाबहिणी तांदूळ रोळतात ना? तांदूळ पाण्यात हलवतात. हलका तांदूळ पाण्याबरोबर पुढे सरतो. जड खडा मागे तळाशी राहतो. सोने काढणे म्हणजे हेच रोळणे. फरक एवढाच की तांदूळ रोळताना खडा टाकून देतात, आणि इथे मागे राहिलेला खडाच हवा असतो.

घरची अवजारे

ह्या कामाला विकतचे यंत्र लागत नाही. एक पसरट घमेले, एक चाळण, एक जुने फावडे आणि एक लोहचुंबक एवढे पुरे. जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधून लोहचुंबक निघते.

वाळू कोठली घ्यावी? जिथे पाण्याचा जोर एकदम कमी होतो तिथली. नदीच्या वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्याची मागली बाजू, कातळाच्या भेगा. जड वस्तू तिथेच बसते. वरवरची वाळू नको, खालची घ्या.

आता काम असे करा :

१. वाळू चाळून घ्या. मोठे खडे हाताने चाचपून फेका.

२. घमेले अर्धे भरा. संथ पाण्यात बुडवा. चिखल हाताने कालवून वाहू द्या.

३. घमेले पाण्याखालीच डावी-उजवीकडे झटके देत हलवा. जड कण तळाशी उतरतात.

४. घमेले पुढे किंचित कलवा. वरची हलकी वाळू पाण्याबरोबर जाऊ द्या. पुन्हा हलवा, पुन्हा कलवा. घाई करू नका.

५. शेवटी चिमूटभर काळी रेती उरेल. ती उन्हात वाळवा. लोहचुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवा. लोखंडाचे काळे कण कागदाला चिकटतील. सोने लोहचुंबकाला चिकटत नाही. मागे काय उरले ते पाहा.

पुष्कळ वाळू धुवायची असली तर लोक लाकडाची उतरती पन्हळ करतात. तिच्या तळाला आडव्या पट्ट्या ठोकतात किंवा जाड घोंगडी अंथरतात. वरून वाळू आणि पाणी सोडतात. जड कण पट्ट्यांच्या मागे किंवा घोंगडीच्या केसांत अडकतात.

एक सावधगिरी बाळगा. पावसाळ्यात हे काम करू नये. इतर वेळीही नदीवर एकट्याने जाऊ नये. सूर्येवर धामणीचे धरण आहे. वरून पाणी सोडले की खाली पात्र भरते. तसेच बोईसर-तारापूरच्या बाजूला ज्या नाल्याला किंवा खाडीला कारखान्याचे सांडपाणी मिळते, तिथे पाण्यात उभे राहून वाळू धुवू नका. अंगाला अपाय होईल.

आधी हाताची परीक्षा घ्या

समजा, घमेले धुतले आणि काहीच मिळाले नाही. मग सोने नव्हते, की आपल्या हातून निसटले? हे कळायला एक सोपी तोड आहे. मासेमारीच्या जाळ्याला शिसे लावतात. त्याचे ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान असे दहा तुकडे करा. ते मोजून घमेल्यातल्या वाळूत मिसळा. मग वाळू धुवा. शेवटी किती तुकडे हाती आले ते मोजा.

शिसे सोन्याहून हलके असते. दहापैकी दहा शिसे राहिले तर तेवढ्याच आकाराचे सोनेही निसटणार नाही. पाचच राहिले तर हात अजून तयार नाही, पुन्हा करा. काम झाल्यावर तुकडे वेचून काढा आणि हात साबणाने धुवा. शिसे पोटात जाणे वाईट.

हात असा तयार झाला की तुमच्या "नाही"लाही किंमत येते. मग वाळू जे सांगेल ते खरे मानायला हरकत नाही.

आपल्या नदीत काय मिळेल?

आता सरळ सांगतो. पालघर जिल्ह्यातल्या नद्यांत घमेल्याने काढता येईल असे सोने नाही. त्याचे कारण आपल्या पायाखालीच आहे.

पालघरजवळचा काळदुर्ग पाहा. मनोरकडचा आशेरीगड पाहा. सगळा काळा दगड. हा दगड म्हणजे जमिनीच्या पोटातून वर आलेला, थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्याचे थरावर थर पसरले. त्यांनीच सह्याद्री झाला. वैतरणा त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तिथेही तोच काळा दगड. सूर्याही सह्याद्रीतूनच उतरते. उगमापासून समुद्रापर्यंत ह्या नद्यांना सोन्याच्या शिरांचा खडक कोठे भेटतच नाही.

कर्नाटकात कोलारला सोन्याच्या मोठ्या खाणी होत्या. त्या २००१ साली बंद झाल्या. तिथला खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. त्याच्यापुढे आपला काळा दगड म्हणजे कालचे पोर.

काळ्या दगडात सोने अगदीच नसते असे नाही. पण एक टन दगडात असले तर काही मिलिग्रॅम असते. त्याचे वजन तांदळाच्या एका दाण्याएवढेही भरत नाही. शिवाय ते साऱ्या दगडात विखुरलेले. ते घमेल्याच्या हाती लागायचे नाही.

मग तळाशी काय राहील? काळी, जड रेती. ती लोहचुंबकाला चिकटते. ते लोखंडाचे खनिज आहे. काळ्या दगडात ते भरपूर असते.

चमकते ते काय?

मग वाळू चमकते कशाने? आपल्याकडे ते बहुतेक गारगोटीचे कण असतात. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक तयार होतात. ते फुटून वाळूत येतात आणि ऊन पडले की चकाकतात. दुसऱ्या मुलखात अभ्रकाच्या चकत्याही चमकतात. पिवळा चमकणारा एक दगडही असतो. वैद्य लोक त्या जातीच्या दगडाला माक्षिक म्हणतात. त्यात लोखंड आणि गंधक असते.

ह्यांची पारख सोपी आहे. कण सावलीत न्या. गारगोटी आणि अभ्रक सावलीत फिके पडतात. सोने सावलीतही पिवळेच दिसते. सुईने टोचा. अभ्रकाचे पापुद्रे निघतात. हातोडीने हलके ठोका. पिवळ्या दगडाचा भुगा होतो. सोने फुटत नाही, ते चपटे होते.

सोनझरा आणि झारेकरी

मग हे काम करणारी माणसे होती तरी कोठे? आपल्याच राज्याच्या पूर्वेला. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर मोठा ग्रंथ छापला. त्यात सोनझरा लोकांची नोंद आहे. बालाघाट, मंडला, संबळपूर आणि चांदा ह्या भागांत नदीची वाळू धुऊन ते सोने काढीत. चांदा म्हणजे आजचा चंद्रपूरकडचा मुलूख. तिकडे काळ्या दगडाऐवजी फार जुने खडक उघडे आहेत. झारखंडात सुवर्णरेखा नदीच्या काठीही लोक वाळू धुतात. नदीचे नावच तसे पडले आहे.

पण एवढ्या जुन्या विद्येने हे लोक श्रीमंत झाले का? नाही. दिवसभर पाण्यात वाकून उभे राहायचे आणि चार कण मिळवायचे. ती कष्टाची मजुरी होती.

मुंबईच्या झवेरी बाजारातही असे काम चालत आले आहे. सोनाराच्या दुकानातली धूळ आणि गल्लीतला केर गोळा करून घमेल्यात धुतात. ह्या धंद्याला आपल्या भाषेत जुना शब्दच आहे : झारेकरी. तिथे नदी नाही, डोंगर नाही, तरी सोने मिळते. कारण सोनाराच्या कानशीतून ते धुळीत पडलेले असते. पहिला नियम इथेही लागू. जिथे आहे तिथेच मिळते.

काही लोक बारीक सोने गोळा करायला पारा वापरतात. मग पारा तापवून उडवतात. हे कधीही करू नका. पाऱ्याची वाफ दिसत नाही, पण ती श्वासातून अंगात जाते आणि मेंदू बिघडवते. पोटातल्या बाळाला तर फारच धोका.

फसवणूक ओळखा

आता मुख्य गोष्ट. गावात कधी अनोळखी माणूस येतो. म्हणतो, "खोदकामात सोन्याचे मणी सापडले. आम्ही गरीब. सोनाराकडे जायला भितो. स्वस्तात देतो." एक मणी तपासायला देतो. तो मणी खरा निघतो. मग लोक गाय विकतात, डागिने गहाण टाकतात. हाती येते पितळेची पिशवी.

दुसरा येतो तो म्हणतो, "तुमच्या नदीत सोने आहे. यंत्र घ्यायला पैसे घाला, वाटा देतो." अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या नदीकाठी १८४८ साली खरेच सोने सापडले. हजारो लोक धावले. पुष्कळ जण रिकाम्या हाताने परतले. त्यांना फावडी आणि शिधा विकणाऱ्यांचा धंदा मात्र चांगला चालला. तिथे सोने असून ही गत, तर नसलेल्या सोन्याची काय कथा!

कायदाही ठाऊक असू द्या. नदीतून वाळू उपसून न्यायची तर सरकारची परवानगी लागते. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर १८७८ सालच्या कायद्याप्रमाणे ते कलेक्टरला कळवावे लागते. म्हणून "गुपचूप घ्या" असे कोणी म्हणाला की समजा, काहीतरी काळेबेरे आहे. पैसे काढू नका. चार शहाण्यांना सांगा, पोलिसांना कळवा.

आणि यंत्राचा वाटा विकणारा आला तर त्याच्या हाती घमेले द्या. म्हणा, "चल दादा, नदीवर. आमच्यासमोर धू." तुमची रोळणारी बायकामाणसे काठावर बसवा. त्यांची नजर चुकवून खोटा मणी घमेल्यात टाकणे सोपे नाही!

विचार करून उत्तरे द्या

१. सोने घमेल्याच्या तळाशी का राहते?

२. सूर्या आणि वैतरणा ह्या नद्यांत सोने का नाही?

३. वाळूत शिशाचे तुकडे मोजून का टाकायचे?

४. एक मणी खरा निघाला, म्हणून पिशवीतले सगळे मणी खरे मानावेत का?