तेरेखोलच्या पंगतीत

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि थोड्याच वेळात तेरेखोलच्या तीराला लागते. पायी चढणाऱ्याकडून गोव्याच्या फेरीबोटी भाडे घेत नाहीत. जेथे फुकट पोहोचता येते, तेथील टेकडीवरच्या किल्ल्यात जेवायला बसणे मात्र सामान्य गोमंतकीयाच्या आवाक्यातले असू नये, ही विसंगती आम्हाला फार दिवस खटकत आहे.

हा गड सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी नदीच्या मुखावर उभारला. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला. त्याच साली हळर्णचा किल्लाही त्यांच्या हाती पडला आणि तो जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे त्या गावाच्या नावाचेच मार्किसपद लाभले. तथापि गोमंतकीयांच्या मनात तेरेखोलचे स्थान आहे ते १५ ऑगस्ट १९५४ मुळे. त्या दिवशी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली मूठभर सत्याग्रही गडात शिरले, तटावर तिरंगा चढवला आणि एक दिवसापुरता तेरेखोल स्वतंत्र केला. मग अटक आणि तुरुंग. उरलेल्या गोव्याला त्यानंतर सात वर्षे वाट पाहावी लागली.

मुक्तीनंतरच्या काळात याच तटाआड हॉटेल थाटले गेले. खोल्या सात, आणि प्रत्येकीला एकेका वाराचे नाव. बाहेरून येणाऱ्यालाही तेथे जेवता येत असे. तटालगत मेज मांडलेले असावे, खाली खडकांवर लाटा फुटाव्यात, नदीपलीकडे केरीची पुळण मावळतीच्या उन्हात उजळावी, आणि पुढ्यात गरम भात यावा. या सुखाची असूया आम्हाला नाही. किंबहुना, जुन्या वास्तूत चूल पेटत राहणे हे त्या वास्तूच्या हिताचेच असते. आमच्या पावसाळ्यात ज्या चिरेबंदी वास्तूत माणूस वावरत नाही, तिच्या भिंतींत चार-दोन वर्षांत पिंपळ रुजतो. प्रश्न आहे तो ताटात काय पडते आणि पाटावर कोण बसतो, एवढाच.

वाराचे नाव खोलीला देणे ही हौस झाली. आपल्याकडे वारांची नावे बाजारांना आणि पेठांना पडत. पुण्यात रविवार पेठ आहे, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात इतवारा आहे. हे शहर समुद्रापासून दूर, मध्य प्रदेशात. पण मराठी तेथे घराघरांत बोलली जाते. त्याचा इतिहास तेरेखोलहून किती तरी भारी. शाही किल्ला तेथे तापीवर उभा आहे, १६३१ मध्ये मुमताजमहलने तेथेच देह ठेवला. त्या किल्ल्यात आज कोणी पंगत मांडत नाही. मात्र त्या शहराचे खाणे जिवंत आहे ते बाजारात. उपड्या कढईवर भाजलेले हातभर रुंदीचे मांडे, माव्याची काळपट जिलेबी, रवा, साखर आणि तूप फेटून केलेला दराबा, हे सारे हमालापासून सावकारापर्यंत कोणीही रस्त्यालगत उभा राहून खातो. वास्तू इतिहासजमा झाली, चव झाली नाही. किनाऱ्यावर आम्ही उलटे करीत आहोत. वास्तू सजवतो आणि चव हद्दपार करतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. मागे कोकणपट्टीतल्याच एका जुन्या वाड्यातील हॉटेलात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, आम्ही जेवणाबरोबर सोलकढी मागितली. वाढप्याने संकोचाने सांगितले की ती पाहुण्यांसाठी नसते, नोकरमंडळींसाठी केलेली आत थोडी आहे. ती त्याने आणून दिली. साऱ्या जेवणात लक्षात राहिली ती तेवढी वाटी.

पोर्तुगालचे उदाहरण येथे मुद्दाम देतो. तेथील सरकारने १९४२ पासून ‘पोसादा’ नावाची विश्रामगृहे उघडली. पुढे त्यांतील कित्येक किल्ल्यांत आणि मठांत थाटली गेली. ज्या प्रांतात पोसादा, त्या प्रांताचे रांधप तेथे मिळावे, हा त्यामागचा आग्रह होता. हे राज्य सालाझारचे. तेरेखोलच्या सत्याग्रहींना कोठडीत टाकणारे तेच. आमच्यावरचा त्यांचा अन्याय विसरण्याचे कारण नाही. पण स्वतःच्या खेडुताच्या ताटाचा मान त्यांना कळला, तो आम्हाला अजून कळायचा आहे.

पेडणे तालुक्याला काय कमी आहे? हरमलची मिरची आहे, तिरफळ घातलेले बांगड्याचे हुमण आहे, तिसऱ्यांचे सुके आहे. शाकाहारी पाहुण्याला खतखते आणि मणगणे आहे. उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी सकाळच्या न्याहारीला ठेवली तर परदेशी पाहुणा उठून जाईल, ही भीती निराधार आहे. तो पाव आणि अंडे घरीही खातोच.

तेव्हा किनाऱ्यावरील सरकारी मालकीची कोणतीही ऐतिहासिक वास्तू यापुढे हॉटेलासाठी देताना करारात तीन अटी असाव्यात, अशी आमची सूचना आहे. केवळ पाहायला आलेल्या माणसाला तटावर जाण्याची मोकळीक असावी. तालुक्यातील बायकांच्या हातचे रांधप रोजच्या पानात असावे. आणि आठवड्यातून एक दिवस तरी खानावळीच्या दरात पंगत बसावी. तो दिवस रविवार असला तर शाळकरी मुलांना घेऊन पालक येऊ शकतील.

तेरेखोलपुरती आणखी एक मागणी आहे. १५ ऑगस्ट हा तेथे झेंड्याचा दिवस. त्याच दिवशी गोव्यातील ख्रिस्ती घरांत सायबिणीच्या फेस्तानिमित्त हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात. आमच्या घरांत त्या नागपंचमीला होतात, म्हणजे त्याच पंधरवड्याच्या मागेपुढे. गडाच्या आवारात सांत आंतोनीचे चर्च आहे, पायथ्याशी गाव आहे. झेंडावंदन झाल्यावर त्या दिवशी गडावर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर, दर न विचारता, एक गरम पातोळी ठेवली जावी.