माहितीचा ठोकळा: उसाच्या नोंदीपासून शाळेच्या हजेरीपर्यंत

बारामती-फलटण रस्त्यावर नीरा नदीच्या काठी सांगवी हे गाव आहे. परिसर उसाचा. माळेगाव सहकारी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील एक गटही सांगवीच्याच नावाने ओळखला जातो. येथील शेतकऱ्याने ऊस लावला की त्याची नोंद होते. गाव, क्षेत्र, जात, लागणीची तारीख आणि आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, हे सारे त्यात येते. पुढे तोडणीचा दिवस, वजनकाट्यावरचे वजन आणि शेवटी बिल. एकेका उसाच्या मोळीमागे अशी कागदाची मोठी साखळी असते.

पूर्वी ही साखळी वह्यांमध्ये होती, आता ती संगणकात आहे. पण वही संगणकात गेली म्हणजे तिच्यातून शहाणपण आपोआप बाहेर पडते असे नाही. नोंदी साठवणे हे एक काम आहे आणि त्यांना प्रश्न विचारणे हे दुसरे. मोठ्या उद्योगांत या दुसऱ्या कामासाठी जी साधने वापरतात त्यांना ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणतात. आपण त्यांना ‘निर्णयासाठी माहिती’ असे म्हणू. हान्स पीटर लून या आयबीएममधील संशोधकाने १९५८ साली आपल्या एका लेखाच्या शीर्षकातच हा इंग्रजी शब्दप्रयोग वापरला होता. म्हणजे कल्पना नवी नाही. ती प्रत्येकाच्या टेबलावर पोहोचली, हे मात्र अलीकडचे.

नोंद वेगळी, विचारणा वेगळी

वजनकाट्यावरच्या संगणकाचे काम एकच: समोर उभ्या असलेल्या गाडीचे वजन चटकन आणि बिनचूक लिहून घेणे. त्याच वेळी कोणी त्याला विचारले, “गेल्या पाच वर्षांत प्रत्येक गावाचा एकरी उतारा किती?” तर त्याला लाखो नोंदी चाळाव्या लागतील आणि इकडे गाड्यांची रांग वाढेल. म्हणून मोठ्या व्यवस्थांमध्ये नोंदींची एक प्रत ठरावीक वेळाने दुसरीकडे नेतात. वाटेत ती साफ करतात. एकाच गावाचे नाव तीन प्रकारे लिहिले असेल तर एकसारखे करतात, दुबार नोंदी काढून टाकतात. या जागेला ‘डेटा वेअरहाउस’ म्हणजे माहितीचे कोठार म्हणतात. धान्य कोठारात भरण्यापूर्वी निवडावे लागते, तसेच हे. निवडण्यात कुचराई झाली तर पुढचे कितीही रंगीत आलेख व्यर्थ होत.

ठोकळ्याची कल्पना

कोठारातील माहितीकडे पाहण्याची एक सोपी रीत आहे. एक मोठा ठोकळा डोळ्यांपुढे आणा. त्याच्या लांबीवर पाच गावे, रुंदीवर लागणीचे चार प्रकार आणि उंचीवर गाळपाचे दहा पंधरवडे लिहा. ठोकळ्याचे ५ × ४ × १० = २०० छोटे कप्पे झाले. प्रत्येक कप्प्यात एक आकडा: त्या गावातून, त्या प्रकारचा, त्या पंधरवड्यात आलेला ऊस. गाव, प्रकार आणि काळ या झाल्या मिती; टनांचा आकडा हे झाले माप.

आता ठोकळ्याशी खेळता येते. एकच पंधरवडा हवा असेल तर पावाच्या लादीचा काप काढावा तसा थर वेगळा करा. गावांची बेरीज करून गटाचा आणि गटांची बेरीज करून कारखान्याचा आकडा काढा. हे वर चढणे. उलट कारखान्याच्या आकड्यावरून गटाकडे, गावाकडे, शेवटी एका शेतकऱ्याच्या पावतीपर्यंत या. हे खाली उतरणे. एडगर कॉड यांनी अशा विश्लेषणाला १९९३ साली ‘ऑनलाइन ॲनालिटिकल प्रोसेसिंग’ हे नाव दिले. त्याच वर्षी एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत ‘पिव्हट टेबल’ आले. अनेक शाळांच्या संगणकांत आज जे एक्सेल किंवा तत्सम मोफत साधन असते, त्यात हा ठोकळा फिरवण्याची सोय आहे.

एक चकवा

वर चढणे सोपे, पण त्यातच धोका आहे. पुढील आकडे समजावण्यासाठी आम्ही कल्पिले आहेत.

गट अ: आडसाली २० एकर, एकरी ६० टन, खोडवा ८० एकर, एकरी ४० टन.
गट ब: आडसाली ८० एकर, एकरी ५५ टन; खोडवा २० एकर, एकरी ३५ टन.

गट अ चे एकूण उत्पादन १२०० + ३२०० = ४४०० टन, म्हणजे एकरी ४४ टन. गट ब चे ४४०० + ७०० = ५१०० टन, म्हणजे एकरी ५१ टन. पडद्यावर फक्त हे दोन आकडे दिसले तर बक्षीस गट ब ला मिळेल आणि गट अ ला कानपिचक्या. पण एक पायरी खाली उतरा. आडसालीतही गट अ पुढे आहे आणि खोडव्यातही! गट ब चे एकूण आकडे चांगले दिसतात, कारण त्याच्याकडे आडसाली क्षेत्रच जास्त आहे. आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष शेतात उभा असतो, तेव्हा त्याचा एकरी उतारा अधिक असणारच.

संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ साली त्याची चर्चा केली. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले. विभागवार पाहिल्यावर मात्र बहुतेक विभागांत स्त्रियांवर अन्याय झाल्याचे दिसेना. जेथे प्रवेश मिळणेच कठीण, अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज अधिक होते.

याच उदाहरणात आणखी एक चूक टाळायची आहे. गट अ मध्ये ६० आणि ४० यांची सरासरी ५० येते, पण खरे उत्तर ४४ आहे. सरासरींची सरासरी काढताना क्षेत्राचे वजन धरावेच लागते.

पडदा काय दाखवतो?

मोटारीत चालकासमोर वेग, इंधन, तापमान एका नजरेत दिसते. तसाच कचेरीतला ‘डॅशबोर्ड’. येथे प्रश्न येतो चित्र कसे काढले याचा. समजा एका वर्षी साखर उतारा ११.२ टक्के आणि पुढच्या वर्षी ११.४ टक्के आला. स्तंभालेखाचा अक्ष शून्याऐवजी ११ पासून सुरू केला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच दिसेल. हे फसवे आहे. पण शून्यापासून काढला तर दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसतील आणि वाटेल, काही फरकच नाही. तेही खरे नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ दिली. त्या हिशेबाने ०.२ टक्क्याचा फरक म्हणजे टनाला ६९.२० रुपये. म्हणून चांगल्या पडद्यावर चित्राबरोबर आकडा आणि त्याचा अर्थ, दोन्ही हवेत.

पडदा कोणासाठी आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत वारणा प्रकल्पाने संगणक केंद्रे उभारली. पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाने ऊस सहकारी संस्थेची तीच माहिती देऊ केली. ही पद्धत स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीची वाटली. शेतकऱ्याला ठोकळा फिरवायचा नसतो. त्याला आपल्या कप्प्यातला आकडा हवा असतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ पासून सुमारे हजार ऊस उत्पादकांसह जो प्रयोग केला, त्यातही उपग्रहचित्रे, हवामान आणि जमिनीची मोजमापे एकत्र करून शेवटी शेतकऱ्याच्या हाती मोबाइलवरचा सल्लाच द्यायचा होता.

वर्गात करून पाहा

शिक्षक मित्रहो, आपणही रोज नोंदी करतो. यूडायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून विद्यार्थिनिहाय माहिती भरली जाऊ लागली. त्यापूर्वी शाळेची एकूण संख्याच वर जात असे. फरक ठोकळ्याच्या भाषेत सांगता येईल: बेरीज करूनच माहिती ठेवली तर पुन्हा खाली उतरण्याची वाट बंद होते. एका मुलापर्यंत पोहोचायचे असेल तर नोंदही एकेका मुलाची हवी.

वर्गाची वर्षभराची हजेरी घ्या. मुलांकडून तीन मितींत मांडून घ्या: विद्यार्थी, महिना आणि घर किती दूर. नावांऐवजी क्रमांक वापरा, म्हणजे कोणाची चर्चा व्हायची नाही. प्रथम वर्गाची वार्षिक सरासरी काढा, मग महिन्यांची, मग एकेका क्रमांकाची. संगणक नसेल तर चौकटीचा कागद आणि दोन रंगांच्या पेन्सिली पुरतात. प्रत्येक पायरीला मुलांना विचारा: “वरच्या आकड्यात न दिसलेले येथे काय दिसले?”

उसाच्या पट्ट्यातील शाळांत या प्रश्नाचे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नसते. ऊसतोडणीला आई-बापांबरोबर जाणारे मूल दिवाळीनंतर महिनोन्‌महिने गैरहजर असते. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल सबंध पाच महिने आले नाही, तरी त्यामुळे त्या महिन्यांची सरासरी अवघी अडीच टक्क्यांनी उतरते. पडद्यावर हा आकडा हिरव्याच रंगात राहील. त्या मुलाचा कप्पा रिकामा आहे, हे खाली उतरून पाहणाऱ्यालाच कळेल. आणि सर्वांत खाली, त्या कप्प्याशेजारी, वर्गशिक्षकच उभा असतो.