निष्कास निरोधन, एंजिन चाचणीगृहातील

अंतर्ज्वलन एंजिनाची (ज्याच्या सिलिंडरातच इंधन जळते अशा एंजिनाची) चाचणी चालू असताना त्याच्या निष्कास नळावर उष्णता रोखण्यासाठी जे आवरण चढवितात, त्यास निष्कास निरोधन म्हणतात. जहाजावरील किंवा वीजनिर्मिती केंद्रातील एंजिनावर हे आवरण बहुधा दीर्घकाळासाठी बसविलेले असते. चाचणीगृहात मात्र ते पुनःपुन्हा काढून बसविता येणे ही पहिली अट होय.

महाराष्ट्रात पुणे-सातारा पट्ट्यात एंजिननिर्मितीची परंपरा जुनी आहे. सातारा येथील कूपर यांचा कारखाना १९२२ मध्ये सुरू झाला व पुढे तेथे डीझेल एंजिने होऊ लागली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये व ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संशोधन संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. या दोन शहरांच्या दरम्यान नीरा नदीकाठी असलेल्या शिरवळच्या परिसरातही पुढे औद्योगिक वसाहत वाढली. येथील उन्हाळ्यात हवेचे तापमान ४०° से.च्या आसपास जाते. त्यामुळे २५° से. धरून केलेले निरोधनाच्या जाडीचे गणित येथे अपुरे पडते.

पूर्ण भारावर चालणाऱ्या डीझेल एंजिनाच्या निष्कास वायूचे तापमान सु. ५००°–६५०° से., तर पेट्रोल एंजिनाच्या बाबतीत ते ८५०°–९५०° से.पर्यंत असते. रस्त्यावरील वाहनात समोरून येणारा वारा नळ थंड करतो. बंद खोलीत तो नसतो. पृष्ठतापमान ६००° से. असलेला काळवंडलेला नळ दर चौ. मी.मागे सु. २५ किलोवॉट उष्णता केवळ प्रारणाने (तरंगरूपाने) बाहेर टाकतो. जवळच्या तारा, रबरी नळ्या व मापनयंत्रे तिने खराब होतात. आगीचा धोका त्याहून गंभीर आहे. इंधनाच्या नळीतून उडालेला फवारा तप्त पृष्ठावर पडल्यास ठिणगीवाचून पेट घेऊ शकतो. म्हणूनच सागरी सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारात २२०° से.हून अधिक तापणारे व इंधनगळतीचा संपर्क होऊ शकेल असे एंजिनाचे पृष्ठभाग झाकण्याचे बंधन आहे. चाचणीगृहासाठीही हा आकडा मार्गदर्शक मानण्यास हरकत नाही.

रचना : काढघालीच्या आवरणास कारागीर जॅकेट म्हणतात. नळाकडील बाजूस अगंज पोलादाची जाळी किंवा सिलिका कापड, मध्ये तंतुमय लोकर व बाहेर सिलिकोनाचा लेप दिलेले काचकापड अथवा पातळ अगंज पोलादी पत्रा असे तीन थर असतात. साध्या काचतंतूची मर्यादा सु. ५५०° से., सिलिका कापडाची सु. १,०००° से. व सिलिकोन लेपाची सु. २५०° से. असल्याने प्रत्येक द्रव्याची जागा ठरलेली असते. शिवण पोलादी तारेची असते व कडा आकड्यांना तार ओढून बांधतात. जोडपट्ट्या, टर्बोचार्जर व तापमापक यांसाठी स्वतंत्र छोटे तुकडे करणे उत्तम. एक तापमापक बदलण्यासाठी सबंध जॅकेट सोडावे लागले, तर ते पुढच्या वेळी कोपऱ्यातच पडून राहते, असा सर्वत्र अनुभव आहे.

निरोधनाखालचा धातू उघड्या नळापेक्षा अधिक तापतो, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. अगंज पोलादाचा एक मीटर लांबीचा नळ ५००° से.ने तापल्यास सु. ९ मिमी. वाढतो. ही वाढ लवचिक जोडाने सामावून घ्यावयाची असते. त्यामुळे त्या जोडावर जॅकेट आवळून बांधू नये. चकचकीत बाह्य पत्र्याविषयीही गैरसमज आढळतो. त्यातून उष्णता कमी जाते हे खरे; परंतु तेवढ्याच जाडीच्या मळकट कापडापेक्षा तो हाताला अधिक तापलेला लागतो.

मापनावरील परिणाम : उत्प्रेरकी परिवर्तक सु. २५०°–३००° से.च्या पुढे नीट काम करू लागतो. चाचणीगृहातील नळ वाहनातील नळापेक्षा अधिक झाकलेला असल्यास परिवर्तक लवकर तापतो व प्रदूषकांचे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात. एप्रिल २०२० पासून भारत टप्पा-६ ची मर्यादा लागू झाल्यावर हा फरक क्षुल्लक राहिलेला नाही. शक्य तितके अधिक निरोधन ही भूमिका त्यामुळे योग्य नव्हे. निरोधन वाहनातील स्थितीशी जुळते असावे.

आरोग्य : पूर्वी ॲस्बेस्टसाची दोरी व कापड सर्रास वापरीत. त्याची धूळ कर्करोगकारक असल्याचे निर्विवाद ठरले असून ॲस्बेस्टस उद्योगातील कामगारांच्या आरोग्यरक्षणासाठी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आदेश दिले. जुन्या नळावरील अनोळखी पांढरे-करडे वेष्टन तपासणीपूर्वी खरवडू नये. त्याच्या जागी आलेली उच्चतापसह मृत्तिका लोकरही निर्धोक नाही. तिचे तंतू मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नोंदविलेली आहे. त्यामुळे शरीरद्रवात विरघळणाऱ्या तंतूंची लोकर आता अनेक ठिकाणी पसंत करतात. परंतु तिच्यात बहुधा कॅल्शियम असते. क्रोमियमयुक्त पोलादाशी उच्च तापमानाला त्याचा दीर्घकाळ संपर्क आला म्हणजे नळावर पिवळसर थर धरतो. तो कॅल्शियम क्रोमेटाचा असू शकतो व हे संयुग कर्करोगकारक आहे.

निगा : तेलाने भिजलेले जॅकेट ताबडतोब काढून टाकावे लागते, तंतूंत शोषलेले तेल मंदपणे ऑक्सिडीभूत होऊन आपोआप पेटू शकते. नवे जॅकेट पहिल्यांदा तापताना त्यातील बंधकद्रव्य जळून धूर निघतो, म्हणून त्या वेळी वायुवीजन पूर्ण चालू ठेवून एंजिन कमी भारावर चालवितात. फाटलेले जॅकेट झटकीत नाहीत किंवा दाबाच्या हवेने साफ करीत नाहीत. पिवळा थर आढळल्यास नळ थंड होऊ देऊन, हातमोजे व श्वसनमुखवटा घालून तो ओल्या फडक्याने पुसतात आणि फडके बंद पिशवीत घालून धोकादायक कचऱ्यात देतात.