गटकार्य : आधी संपविणारे आणि मागे राहणारे

पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावात बाजारातील भाजीचे भाव हा गणिताचा तयार पाठच होय. समजा, चौथीच्या वर्गात मुलांचे गट करून त्या भावांवरून घरच्या बाजाराचा हिशेब मांडावयास सांगितला. एका गटाचे काम दहा मिनिटांत आटोपते. दुसरा गट वीस मिनिटांनंतरही पाव किलोच्या किमतीपाशीच अडलेला असतो. मोकळ्या गटात गोंगाट सुरू होतो आणि शिक्षक सर्वांनाच वह्या मिटावयास सांगतात. एकाचा वेळ वाया जातो, दुसऱ्याचे शिकणे अर्ध्यावर तुटते. असे वारंवार घडल्यास ‘आपल्याला जमत नाही’ ही भावना मुलाच्या मनात घर करते.

मागे राहणारा गट मंदच असतो असे नाही. सूचना नीट न समजणे, एकाच मुलाने सारे काम करणे, ऊसतोडीच्या हंगामात पालकांबरोबर परगावी गेल्याने धडे बुडणे, अशी कारणे त्यामागे असू शकतात. प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता पाहून आवश्यक ते जादा मार्गदर्शन करणे हे २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार शिक्षकांचे कर्तव्यच आहे.

त्यासाठी पाठापूर्वीच दोन टप्पे आखावेत. पहिला टप्पा सर्वांनी पूर्ण करावयाचा. दुसरा, आधी संपविणाऱ्यांसाठी. मात्र तीच उदाहरणे आणखी देणे ही शिक्षा ठरते. त्याऐवजी ‘हाच बाजार शंभर रुपयांत कसा बसेल?’ असा विचार करावयास लावणारा प्रश्न द्यावा. मग शिक्षकांना अडलेल्या गटाजवळ बसता येते. वेळ संपण्यापूर्वी पाच मिनिटे सूचना द्यावी, आणि काम मांडण्याची पहिली संधी अधूनमधून मागे राहिलेल्या गटासही द्यावी.

स्वतःच्या गतीने शिकण्यास साधनांचीही मदत होते. याच जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, त्यामुळे मुलाला धडा पुन्हा पाहता-ऐकता येऊ लागला. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार लाभला.

साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस अधिनियमाप्रमाणे दोन शिक्षक मिळतात. वस्तीवरील अशा शाळेत एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात, तेथे ही आखणी अधिकच निकडीची ठरते. वाचनाची पुस्तके, तराजू, वजने एवढे साहित्य वर्गाच्या कोपऱ्यात मुलांच्या हाताशी असले तरी पुष्कळ साधते. ते पुरविण्याचे काम ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीला सहज करता येण्याजोगे आहे.