यशब आणि वालुकाश्म

चामोर्शी तालुक्यात, दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा जेथे काही अंतर उत्तरवाहिनी होते त्या वळणावर, मार्कंड्याच्या मंदिरसमूहातील मूर्ती ज्या पाथरवटांनी घडविल्या त्यांच्या हाती होता वालुकाश्म. आणि त्याचे बहुतेक कण गारगोटीचे, म्हणजे काठिण्याच्या मोह्स-श्रेणीत सातव्या पायरीचे. उलट, चिनी विद्वानाच्या मेजावरील कुंचला टेकविण्याचे पर्वताकृती आधार, पाण्याची कुपी, मनगटाखालची पट्टी, मुद्रा, ह्या वस्तू ज्या नेफ्राइट जातीच्या यशबातून घडत, त्याचे काठिण्य सहा ते साडेसहाच. असे असूनही वालुकाश्म छिन्नीला वश होतो आणि यशब होत नाही, हे विलक्षण नव्हे काय?

काठिण्य आणि चिवटपणा हे भिन्न गुण आहेत, हे येथे ध्यानी घ्यावे लागते. वालुकाश्मातील कण कितीही कठीण असले तरी त्यांना धरून ठेवणारे बंधद्रव्य दुर्बल असते, म्हणून छिन्नीच्या घावासरशी ते सुटे होतात. नेफ्राइटमध्ये मात्र कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या सिलिकेटाचे अतिसूक्ष्म तंतू नमद्यातील लोकरीप्रमाणे एकमेकांत गुंतलेले असतात. पडलेली भेग तंतूगणिक अडते, वळते आणि आपले बळ हरवून बसते.

म्हणून यशब कोरला जात नाही, झिजविला जातो. पायाच्या पट्टीने फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर पाण्यात भिजवलेली गारगोटीची वाळू सोडायची, आणि काम त्या वाळूने करायचे. मार्कंड्याच्या पाषाणात जे द्रव्य मूर्तीचे उपादान, तेच बीजिंगच्या कारखान्यात हत्यार! त्याहून कठीण असा कुरुंद, जो मार्कंड्याच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पोहऱ्यास सापडतो, तोही या कामी वापरला जाई.

ज्यांना ही कारागिरी पाहावयाची असेल त्यांनी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठावे. सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतील चिनी यशबवस्तू तेथे आहेत.

मध्य आशियातील खोतानच्या नद्यांतील यशब, १७५९ साली चिनी सैन्याने तो प्रदेश जिंकल्यानंतर, विपुल प्रमाणात चिनी दरबारी येऊ लागला. त्याच काळात आलेली हिंदुस्थानी घडणीची यशबाची पात्रे पाहून चीनचा सम्राट च्येनलुंग मोहित झाला, व त्यांवर त्याने कविता रचल्या. त्या पात्रांच्या भिंती इतक्या पातळ की प्रकाश आरपार जावा. वालुकाश्माने असा पातळपणा कधीच सोसला नसता, आणि यशबाने तो सोसला तो केवळ त्या गुंतलेल्या तंतूंच्या आधारावर.